जुनं मॉडेल घ्यावं की नवं? कमी बजेटचा लॅपटॉप निवडताना मी काय काय बघते

लॅपटॉप घ्यायला निघालं की दोन-चार दिवस शोधाशोध होते आणि मग गाडी नेमकी एकाच ठिकाणी येऊन अडते. समोर दोन मॉडेल असतात, दोन्ही एकाच कंपनीची, दिसायलाही जवळपास सारखी, एक एक-दोन वर्षांपूर्वीचं आणि थोडं स्वस्त, दुसरं ह्या वर्षीचं आणि थोडं महाग, आणि ज्याला विचाराल तो सांगतो की नवीनच घे, टेक्नॉलॉजी रोज बदलते. मला हा सल्ला सरसकट पटत नाही. महागड्या लॅपटॉपच्या बाबतीत तो बऱ्याचदा बरोबर ठरतो, पण कमी बजेटमध्ये नवीन म्हणजे सुधारलेलं असं काही नसतं, कारण किंमत आहे तेवढीच ठेवायची म्हटलं की कंपनीला कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो, आणि तो कुठे घेतलाय हे खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं.

घरातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांचे लॅपटॉप निवडायचं काम माझ्याकडे येतं. त्यातून एक पद्धत बसलीय, ती सांगते. मुद्दा एकच धरून चला: लॅपटॉपमधल्या काही गोष्टी नंतर बदलता येतात, काही मरेपर्यंत तशाच राहतात. प्रोसेसर, स्क्रीन, बोर्डावर चिकटवलेली रॅम (चालू कामाची मेमरी), बॉडी आणि हिंज (झाकणाची बिजागरी) ह्या तशाच राहणाऱ्या. एसएसडी (फाइली साठवायची जागा), स्लॉटमधली रॅम, बॅटरी ह्या बदलता येणाऱ्या. जुन्या-नव्याची तुलना करताना वर्ष बाजूला ठेवा आणि तशाच राहणाऱ्या गोष्टी कुणाकडे चांगल्या आहेत ते बघा.

पहिलं काम: पूर्ण मॉडेल नंबर

आयडियापॅड स्लिम ३, व्हिवोबुक १५, अस्पायर ३ ही नावं वर्षानुवर्षं चालत येतात आणि एकाच नावाखाली पाच-सात वेगवेगळे प्रोसेसर, दोन-तीन प्रकारच्या स्क्रीन विकल्या जातात. त्यामुळे "मी अमुक घेतोय, कसा आहे" ह्या प्रश्नाला उत्तरच देता येत नाही. लॅपटॉपच्या तळाला किंवा खोक्याच्या बाजूला एक लांबलचक नंबर असतो, अक्षरं आणि आकडे मिसळलेला, तो घ्या. ऑनलाइन बघत असाल तर पेजवर खाली जाऊन मॉडेल नंबरच्या रकान्यातून उचला. तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की स्पेसिफिकेशनचा पूर्ण कागद मिळतो. दोन्ही मॉडेलचे कागद शेजारी शेजारी उघडून ठेवा. ऑनलाइन पेजवरच्या माहितीत चुका असतात, कधी दुसऱ्याच व्हेरियंटचे फोटो लावलेले असतात, म्हणून कंपनीचाच कागद खरा धरायचा. त्या कागदात "अप टू" किंवा "निवडक मॉडेलमध्ये" असं काही लिहिलेलं असेल तर ती गोष्ट तुमच्या मॉडेलमध्ये नाही असंच समजून पुढे जा.

प्रोसेसरचं नाव फोडून बघा

इथे सगळ्यात जास्त लोक चकतात, म्हणून इथे जरा वेळ घालवू.

एएमडी आणि इंटेल ह्या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या, त्यात एएमडीपासून सुरुवात करते. २०२३ च्या मॉडेलपासून रायझनच्या लॅपटॉप प्रोसेसरची चार आकडी नावं एका ठराविक पद्धतीने द्यायला लागले. पहिला आकडा वर्ष सांगतो, ७ म्हणजे २०२३, ८ म्हणजे २०२४. दुसरा आकडा साधारण दर्जा सांगतो. आणि तिसरा आकडा, ज्याच्याकडे कुणीच बघत नाही, तो सांगतो की आतले कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) कुठल्या पिढीचे आहेत: २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४.

आता रायझन ५ ७५२०यू घ्या. पहिला आकडा ७, म्हणजे नवीन वाटतो. तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, जी रचना २०१९ ची आहे. त्यात कोअर ४ आणि थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं) ८. त्याच्या शेजारी "जुना" रायझन ५ ५५००यू ठेवा, २०२१ चा. तोही झेन २ च आहे, पण त्यात कोअर ६ आणि थ्रेड १२. आतल्या ग्राफिक्सचं (प्रोसेसरमधलाच चित्र दाखवणारा भाग) बघितलं तर जुन्यात ७ कंप्यूट युनिट, म्हणजे ग्राफिक्सचे कोअर, आहेत आणि नव्यात फक्त २. म्हणजे दोघांच्याही नावात रायझन ५, नव्याचा आकडा मोठा, आणि तरी व्हिडिओ एक्स्पोर्ट करायचा असो, दहा-बारा गोष्टी एकदम चालवायच्या असोत किंवा हलकं गेमिंग असो, जुना पुढे राहतो.

नव्याची बाजूही सांगते. ७५२०यू वीज कमी खातो, त्याच्यासोबत येणारी रॅम वेगवान असते, आणि एव्ही१ नावाच्या फॉरमॅटमधला व्हिडिओ तो हार्डवेअरमध्ये डिकोड करतो, ५५००यू ला ते प्रोसेसरच्या जोरावर करावं लागतं आणि तेवढी बॅटरी जास्त जाते. म्हणजे ज्याचं काम ब्राउझर, डॉक्युमेंट आणि व्हिडिओ बघणं एवढंच आहे त्याला ७५२०यू काही वाईट नाही. पण तो नवीन आहे म्हणून जास्त पैसे मोजू नका.

उलट उदाहरणही आहे. रायझन ५ ७५३०यू. तिसरा आकडा ३, म्हणजे झेन ३, कोअर ६, थ्रेड १२. हा २०२२ च्या ५६२५यू चाच भाऊ आहे, नाव तेवढं नवीन. ह्या दोघांत जो स्वस्त मिळेल तो घ्या, पण दोघांपैकी कुठलाही ७५२०यू पेक्षा बराच ताकदवान आहे. ७५२० आणि ७५३० मध्ये दहाचाच फरक दिसतो ना, तो फरक एका अख्ख्या पिढीचा आणि दोन कोअरचा आहे!

आता इंटेल. इथे एक पिढी बदलली की कधी मोठी उडी असते आणि कधी नुसतं नाव बदलतं.

आय३-१११५जी४ हा ११ व्या पिढीचा, कोअर २, थ्रेड ४. त्याच्या पुढचा आय३-१२१५यू हा १२ व्या पिढीचा, त्यात २ मोठे (वेगवान) आणि ४ छोटे (कमी वीज खाणारे) असे ६ कोअर, थ्रेड ८. ही मोठी उडी. इथे नवीनच घ्या, किमतीत बरंच अंतर असलं तरी. दोन कोअरवाला लॅपटॉप आज घेऊन पुढची चार-पाच वर्षं काढणं म्हणजे रोज वाट बघत बसणं.

पण आय३-१२१५यू आणि त्याच्या पुढचा आय३-१३१५यू बघा, दोन्हीत २ अधिक ४ अशीच मांडणी, फक्त स्पीड थोडा वाढवलाय. मग २०२४ मध्ये इंटेलने नावातला "आय" काढून टाकला आणि कोअर ३ १००यू आला, तोही २ अधिक ४. तीन वेगवेगळी नावं, पण वापरताना डोळे मिटून कुणाला ओळखता येणार नाही एवढा कमी फरक. अशा वेळी सरळ जुनं घ्यायचं आणि वाचलेले पैसे रॅममध्ये घालायचे. आय५ मध्येही हेच. आय५-१२४५०एच आणि आय५-१३४२०एच दोन्हीत ४ मोठे आणि ४ छोटे कोअर, थ्रेड १२. शेवटी एच असलेले प्रोसेसर ताकदीचे, पण वीज जास्त खातात, फॅनचा आवाज जास्त, बॅटरी लवकर उतरते. यू असलेले शांत. सतत चार्जरजवळ बसून काम करणाऱ्याला एच चालेल, फिरत काम करणाऱ्याला यू.

अजून एक सापळा म्हणजे एन वाली मंडळी. आय३-एन३०५ मध्ये ८ कोअर आहेत, ऐकायला ६ पेक्षा जास्त, पण आठही छोटे कोअर आहेत. आय३-१२१५यू मध्ये दोन मोठे आहेत, आणि एखादं अ‍ॅप उघडणं, जड वेबसाइट लोड होणं, एक्सेलची मोठी शीट हलणं ह्या रोजच्या गोष्टी बहुतेक एका कोअरच्या वेगावर चालतात, त्यामुळे तिथे १२१५यू चपळ वाटतो. एन१०० मध्ये तर असे छोटे कोअर फक्त चारच. लहान मुलांच्या अभ्यासाला, व्हिडिओ क्लासला तो पुरतो, पण कामाच्या माणसाने ह्यात अडकू नये.

बेंचमार्क, म्हणजे वेगाच्या चाचण्यांचे आकडे, बघणार असाल तर गीकबेंच किंवा सिनेबेंचचे सिंगल कोअर आणि मल्टी कोअर असे दोन्ही आकडे बघा. मशीन हाताला कशी वाटेल ते सिंगलवरून कळतं, जड काम किती वेळात उरकेल ते मल्टीवरून. आणि शक्यतो तुमच्याच मॉडेलचा रिव्ह्यू शोधा, कारण तोच प्रोसेसर पातळ बॉडीत आणि लहान फॅनखाली घातला की पाच-दहा मिनिटांत तापून हळू होतो.

रॅम किती आहे ते नंतर, कशी बसवलीय ते आधी

माझ्या मते जुन्या-नव्याचा निकाल बऱ्याचदा इथेच लागतो. नवीन मॉडेलं पातळ करायच्या नादात रॅम बोर्डावर सोल्डर करून येतात. म्हणजे ८ जीबी घेतली की ८ जीबीच, शेवटपर्यंत. जुन्या मॉडेलमध्ये पुष्कळदा एक तरी स्लॉट मोकळा असतो, मागचं कव्हर उघडा, रॅमची पट्टी तिरकी सरकवा, खाली दाबा, दोन्ही बाजूच्या चिमट्या टक् करून बसल्या की काम झालं.

वर सांगितलेला ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ रॅम घेतो आणि ती रॅम सोल्डर केलेलीच येते, त्यामुळे तो प्रोसेसर असलेल्या मॉडेलमध्ये रॅम वाढवायचा विषयच नाही. असा लॅपटॉप घ्यायचाच असेल तर १६ जीबीवालाच घ्या. ८ जीबीचा घेतला तर त्यातली थोडी रॅम ग्राफिक्ससाठी आधीच बाजूला काढलेली असते, कधीकधी चक्क २ जीबी, आणि सिस्टिममध्ये "५.९ जीबी वापरण्याजोगी" असं काहीतरी दिसतं. त्यात विंडोज स्वतःचं घेणार, मग ब्राउझरचे पंधरा टॅब आणि एक व्हिडिओ कॉल झाला की संपलं.

दुकानात डेमो पीस चालू असेल तर हे स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जा, मेमरीवर क्लिक करा, आणि उजवीकडे खाली बारीक अक्षरांत बघा. "स्लॉट्स यूज्ड" समोर "१ ऑफ २" दिसलं तर चांगलं, एक मोकळा आहे. "फॉर्म फॅक्टर" समोर "एसओडीआयएमएम" असेल तर निघणारी पट्टी आहे, आणि "रो ऑफ चिप्स" असेल तर सोल्डर केलेली. काही मॉडेलमध्ये अर्धी रॅम सोल्डर आणि अर्धी स्लॉटमध्ये असते, तेही चालतं. फक्त मोकळा स्लॉट खरोखर आहे का हे कंपनीच्या कागदावरून पडताळून घ्या, कारण टास्क मॅनेजर कधीकधी सोल्डर केलेल्या चिपांनाही स्लॉट म्हणून मोजतो.

आणि एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते. आतल्या ग्राफिक्सला वेगळी मेमरी नसते, तो हीच रॅम वापरतो, त्यामुळे एका पट्टीऐवजी दोन पट्ट्या असल्या की त्याचा वेग चांगलाच वाढतो. आय५-१२३५यू मध्ये तर एकच पट्टी असली की ग्राफिक्सचं नाव यूएचडी असं दिसतं, आणि दुसरी घातली की त्याच मशीनमध्ये आयरिस एक्सई दिसायला लागतं. म्हणजे मोकळा स्लॉट असलेलं जुनं मॉडेल घेऊन त्यात एक पट्टी वाढवली तर रॅमही दुप्पट आणि ग्राफिक्सही सुधारलं.

स्टोरेज

ह्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी असेल तर पुरे. त्यातली पीसीआयई (जोडणीचा प्रकार) ३ ची सेकंदाला साधारण ३५०० एमबीपर्यंत जाते, ४ ची ७००० च्या घरात, पण रोजच्या वापरात हा फरक कळत नाही, त्यामुळे "नवीनमध्ये जेन ४ (म्हणजे पीसीआयई ४) आहे" ह्याला भुलू नका. ईएमएमसी (स्वस्त, हळू प्रकारचं स्टोरेज) मात्र टाळा. ती ४०० एमबीच्या वर जाऊच शकत नाही, बोर्डावर चिकटलेली असते, बदलता येत नाही आणि भरत आली की मशीन रडायला लागते. २५६ जीबी कमी वाटत असेल तरी एसएसडी नंतर मोठी घालता येते, म्हणून तेवढ्यासाठी चांगलं मॉडेल सोडू नका.

स्क्रीन समोर बसून बघा

जुन्या मॉडेलचा सगळ्यात मोठा धोका स्क्रीन. १३६६ बाय ७६८ असेल तर माझ्याकडून सरळ नाही, प्रोसेसर कितीही चांगला असला तरी. १९२० बाय १०८० च हवी. आणि फक्त रिझोल्यूशन बघून थांबू नका, पॅनल टीएन आहे की आयपीएस (स्क्रीनचे दोन प्रकार, आयपीएस चांगला) ते बघा. कागदावर नसेल तर असं करा: एखाद्या माणसाच्या चेहऱ्याचा फोटो फुल स्क्रीन लावा आणि झाकण हळूहळू मागे पाडा, किंवा स्वतः खाली वाकून खालून वर बघा. टीएन असेल तर चेहऱ्याचा रंग उडत जातो, काळे केस राखाडी होतात आणि एका टप्प्याला फोटो निगेटिव्हसारखा उलटा दिसायला लागतो. आयपीएसमध्ये थोडा अंधार येईल पण रंग तेच राहतील.

ब्राइटनेस कमी बजेटमध्ये २२० ते २५० निट्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपासच असतो, ३०० असेल तर त्याला मी जास्तीचा मार्क देते. पूर्ण ब्राइटनेसवर पांढरं पान उघडून खिडकीकडे पाठ करून बसा, अक्षरांपेक्षा स्वतःचा चेहराच जास्त दिसत असेल तर दिवसा त्रास होणार. रंगांच्या ठिकाणी (एनटीएससी आणि एसआरजीबी ही किती रंग दिसतात त्याची मापं) ४५ टक्के एनटीएससी लिहिलेलं असेल तर रंग फिके असतील, अभ्यास-ऑफिसला चालेल. फोटो-डिझाइनचं काम असेल तर १०० टक्के एसआरजीबी बघा.

नवीन मॉडेलमध्ये १६:१० स्क्रीन यायला लागल्यात, १९२० बाय १२००. उभ्या जागेत तीन-चार ओळी जास्त दिसतात. सतत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्याला ही खरी सुधारणा आहे, ह्याच्यासाठी थोडे पैसे जास्त द्यायला माझी ना नाही.

हिंज, कीबोर्ड, चार्जर

माझ्या भाच्याचा लॅपटॉप, कंपनीचं नाव घेत नाही, दोन वर्षांत झाकणाच्या कोपऱ्यातून फुटला. प्रोसेसर ठणठणीत, बॅटरी ठीक, आणि झाकण उघडताना खालच्या बॉडीचा कोपरा वर उचलला जायचा. रिपेअरवाल्याने उघडून दाखवलं तेव्हा कळलं की हिंजचे स्क्रू छोट्या पितळी नटांमध्ये बसतात आणि ते नट नुसते प्लास्टिकच्या खुंट्यांत रुतवलेले असतात. हिंज कडक, प्लास्टिक पातळ, रोज उघडझाप, आणि एक दिवस नट प्लास्टिकचा तुकडा घेऊनच बाहेर आला. वॉरंटीत हे "फिजिकल डॅमेज" म्हणून बसत नाही म्हणाले. पोराची परीक्षा तोंडावर आणि झाकण सेलोटेपने धरून ठेवलेलं, ते बघून फार वाईट वाटलं मला.

तेव्हापासून मी झाकण कोपऱ्याला धरून दोन-तीनदा उघडून बघते. कुरकुर आवाज, हिंजजवळ बॉडी फुगल्यासारखी वर येणं, स्क्रीन पिळवटणं ह्यातलं काही दिसलं तर ते मॉडेल बाद. जुन्या मॉडेलचा इथे एक मोठा फायदा असा की ते बाजारात वर्ष-दोन वर्षं होऊन गेलेली असतात, लोकांनी वापरून लिहिलेलं असतं. मॉडेलच्या नावापुढे हिंज असं टाकून शोधा, तक्रारी असतील तर लगेच समोर येतात. नवीन मॉडेलच्या बाबतीत हे कळायला मार्गच नसतो, सगळे रिव्ह्यू पहिल्या आठवड्यातले.

कीबोर्डच्या मध्यभागी दोन बोटांनी जरा जोर देऊन दाबा, ट्रॅम्पोलिनसारखा खाली जात असेल तर टायपिंगचं काम असणाऱ्याने विचार करावा.

पोर्टमध्ये नव्याची बाजू बहुतेक वरचढ असते, कारण टाइप-सी वरून चार्जिंग. जुन्यात टाइप-सी असतो पण पुष्कळदा फक्त डेटासाठी, आणि चार्जर गोल पिनचा वेगळा. टाइप-सी ने चार्ज होत असेल तर चार्जर हरवला-बिघडला तरी दुसरा सहज मिळतो. उलट काही नव्या मॉडेलमधून लॅनचं पोर्ट आणि मेमरी कार्डचा स्लॉट गायब झालेत, तुम्हाला लागत असतील तर आधीच बघा. आणि बाहेरचा ४के मॉनिटर लावणार असाल तर एचडीएमआय १.४ वर तो ३० हर्ट्झवरच चालेल, माउस अडखळत चालल्यासारखा वाटतो. वायफाय ६ असेल तर छान, ५ असेल तरी घरगुती वापरात अडत नाही.

जुना स्टॉक आणि बॅटरी

सीलबंद जुनं मॉडेल म्हणजे बॅटरीही तेवढीच जुनी. लिथियम बॅटरी न वापरताही वयाने उतरते, आणि पूर्ण रिकामी होऊन महिनोन्महिने पडून राहिली तर जास्तच. म्हणून खोक्यावरची उत्पादनाची तारीख बघा. वर्षभरापर्यंतचं मी निर्धास्त घेते, दोन वर्षांच्या पुढे गेलं असेल तर किमतीत चांगली घट मिळाल्याशिवाय घेत नाही. वॉरंटीचंही असंच, काही कंपन्यांमध्ये सिरीयल नंबर टाकला की वॉरंटी माल बाहेर पडला त्या दिवसापासून सुरू झालेली दिसते, मग बिल अपलोड करून तारीख दुरुस्त करून घ्यावी लागते. बिलावर तारीख आणि सिरीयल नंबर दोन्ही स्पष्ट छापून घ्या.

तुलना करताना कंपनीने सांगितलेले तास सोडून द्या, वॉट-अवर बघा. साध्या वापरात असा लॅपटॉप साधारण ८ वॉट खातो असं धरलं तर ४० वॉट-अवरची बॅटरी ५ तास जाईल आणि ५० ची सव्वासहा. नवीन मॉडेल हलकं केलंय असं सांगतात तेव्हा हा आकडा आवर्जून बघा, पुष्कळदा वजन बॅटरीतूनच कमी केलेलं असतं.

विंडोज किती वर्षं चालेल

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालेल असंच मशीन हवं. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि लॅपटॉपमध्ये साधारणपणे इंटेलच्या ८ व्या पिढीपासून किंवा रायझन ३००० पासून पुढचा प्रोसेसर लागतो. वर सांगितलेली सगळी "जुनी" नावं ह्यात आरामात बसतात, तेव्हा सपोर्टची भीती घालून कुणी नवीन गळ्यात मारत असेल तर ऐकू नका. सेकंडहँड किंवा रिफर्बिश्ड बघताय तर मात्र ही अट पहिल्यांदा तपासा.

एआयचा स्टिकर बघून जास्त पैसे देऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस पीसी ह्या एआय लॅपटॉपच्या वर्गासाठी ४० टॉप्सचा (वेगाचं माप) एनपीयू, म्हणजे एआयच्या कामासाठीचा वेगळा भाग, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज लागतं. नुसता "एआय" लिहिलेला लॅपटॉप ह्यात बसतोच असं नाही.

आता किमतीतला फरक

दोन मॉडेलमधला फरक पैशांत बघू नका, वस्तूंत बघा. म्हणजे वाचणाऱ्या पैशांत ८ जीबीची एक पट्टी येते का? पट्टी आणि मोठी एसएसडी दोन्ही येतात का? रॅमचे भाव वरखाली होत असतात म्हणून त्या दिवशीचा भाव बघा. पट्टीसुद्धा येत नसेल एवढाच फरक असेल आणि प्रोसेसर एकाच वर्गातला असेल, तर मी नवीन घेते, कारण ताजी बॅटरी मिळते. फरक पट्टीएवढा किंवा जास्त असेल आणि जुन्यात स्लॉट मोकळा असेल तर जुनं.

जुन्यात जास्त कोअर, आयपीएस स्क्रीन आणि स्लॉट असेल आणि नव्यात रॅम सोल्डर, तर किंमत सारखी असली तरी जुनं घ्या, अगदी बिनधास्त. जुन्यात दोन कोअर किंवा ७६८ ची स्क्रीन किंवा ईएमएमसी असेल तर अर्ध्या किमतीत मिळालं तरी नको. मधल्या अवघड केसमध्ये मी किंमत भागिले अपेक्षित वर्षं असं करते, म्हणजे जुनं चार वर्षं जाईल असं वाटत असेल आणि नवं पाच, तर नवं सव्वापट महाग असेपर्यंत हिशोब सारखाच पडतो, त्याच्या वर गेलं की जुनं. हा अंदाजच आहे, पण कागदावर मांडला की मन शांत होतं.

किंमत बघताना विंडोज आतमध्ये आहे का हेही बघा. काही स्वस्त व्हेरियंट डॉसवर, म्हणजे विंडोजशिवाय, येतात आणि विंडोजचा खर्च नंतर अंगावर येतो.

घरी आणल्यावर पहिल्या दोन दिवसांत

रिटर्नची मुदत संपायच्या आत हे उरका. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं नाव, रॅम आणि स्लॉट बिलाशी जुळवा. स्क्रीन पूर्ण काळी करून अंधारात बघा, कोपऱ्यातून उजेड गळतोय का, मग पांढरी करून मेलेले ठिपके शोधा. सगळ्या कळा एकदा दाबा, प्रत्येक पोर्टमध्ये काहीतरी घालून बघा, व्हिडिओ कॉल करून माइक आणि कॅमेरा तपासा. अर्धा तास व्हिडिओ चालवून फॅनचा आवाज ऐका.

मग बॅटरी. एकदा पूर्ण चार्ज करा, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी, एक स्पेस, तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) असं टाइप करून एंटर मारा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवलीय ते तिथेच लिहून येतं. ती ब्राउझरमध्ये उघडा. डिझाइन कॅपॅसिटी आणि फुल चार्ज कॅपॅसिटी असे दोन आकडे दिसतील. नवीन मशीनमध्ये हे जवळपास सारखे हवेत. जुन्या स्टॉकमध्ये पाच टक्क्यांपर्यंत कमी असेल तर मी सोडून देते, दहाच्या पुढे असेल तर त्या पानाचा फोटो काढून, त्याच दिवशी बिलासकट बदलून मागते.